नव्याची मूठ

आमच्या ह्यांच्या डोक्यात एखादी गोष्ट एकदा शिरली की ती बाहेर काढता काढता साक्षात ब्रह्मदेवानेही हात टेकावेत. त्या वर्षी डोक्यात पोहे शिरले होते.

हे तेव्हा कल्याणच्या स्टेशनात मालधक्क्यावर कारकून होते. कुठून काय आलं आणि कुठे काय चाललं, हे दिवसभर बघायचं काम. दिवाळीच्या तोंडावर पोह्यांची पोतीच्या पोती मुंबईकडे जाताना यांनी पाहिली आणि संध्याकाळी घरी येऊन, पायातले जोडे काढायच्या आत, मला ओटीवरूनच हाक मारून सांगितलं, "अगं, अख्खी मुंबई पोहे खाते. आणि हे पोहे येतात कुठल्या कुठून. भात तर आपल्या नाकासमोर पिकतो." मी म्हटलं, "पिकू दे. आधी हातपाय धुवा." पण त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

कल्याणातल्या घरात आम्ही, सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई आणि त्यांची मुलं असे राहत होतो. वाईट कोणीच नव्हतं. पण माझी तीन वर्षांची लेक त्या घरात बोलत नसे. कोपऱ्यात बसायची, पुढ्यात ठेवलेला भात चिवडायची, मोठ्या मुलांचा गलबला झाला की माझ्या पदरात तोंड लपवायची. वैद्य झाले, ताईत झाले. जाऊबाई म्हणायच्या, "असतात काही पोरं अबोल." मला त्या वाक्याचा असा राग यायचा की हातातलं भांडं आपटल्याशिवाय राहवत नसे.

म्हणून ह्यांनी जेव्हा नोकरी सोडून आंबिवलीच्या पलीकडे, काळू नदीच्या काठच्या एका गावात पोह्यांचा धंदा काढायचं ठरवलं, तेव्हा साऱ्या घराने कपाळाला हात लावला आणि मी ट्रंक भरायला घेतली. थोरले दीर शांत माणूस. त्यांनी एवढंच सांगितलं, "दिवाळीपर्यंत बघा. दिवाळीचा माल मुंबईला वेळेवर पोचला तर मी एक शब्द बोलणार नाही. नाही पोचला, तर बिऱ्हाड उचलून परत यायचं. घरची सून नि लेक रानात ठेवायची नाही." ह्यांनी मान डोलावली. माझी मान मी अजिबात हलवली नाही, पण तिला विचारलं होतं कोणी?

गावात आम्हाला पाटलांनी नदीकडच्या अंगाला एक कौलारू घर आणि भलं मोठं अंगण दिलं. अंगणात उखळं पुरली, चुली घातल्या, खापरं आणली, आणि ह्यांनी गावातल्या बायकांना कामावर बोलावलं. पहिल्या सकाळी बायका आल्या त्या एकट्या आल्याच नाहीत. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या पाठीला पोर, एकीच्या मागे तर शेळीसुद्धा होती. बघता बघता त्यांनी आंब्याच्या फांद्यांना लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या, तान्ही त्यांत घातली, चालती पोरं अंगणात सोडली, आणि मुसळं उचलली.

हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हा कारखाना आहे की बारसं?"

"तुम्हाला बायका हव्यात ना? बायका अशाच येतात," मी म्हटलं.

त्या सगळ्यांवर एका म्हातारीची हुकमत होती. काळी, सडपातळ, दात मोजकेच, पण आवाज असा की नदीपलीकडची गुरं वळावीत. भिजवलेलं भात तापल्या रेतीत भाजायचं, तडतडलं की चाळून लगेच उखळात टाकायचं, आणि गरम आहे तोवर दोघींनी आळीपाळीने मुसळ घालायचं. एकीचं वर, एकीचं खाली. चुकलं तर डोकी फुटायची. पण त्या गप्पा मारत, हसत, मधेच "अरं, त्या पोराला चुलीपासून उठीव" असं ओरडत कांडत असत आणि मुसळ कधी मुसळाला लागत नसे. मी पहिल्या दिवशी नुसती बघत उभी राहिले. दुसऱ्या दिवशी पदर खोचला.

सुरुवातीचे ते महिने जुन्या भाताचे. माल थोडा, कल्याणातच खपायचा. पण मी खरं सांगते, इतकी हरखून मी आयुष्यात कधी जगले नव्हते. सकाळी डोळे उघडले की वाटायचं, चला, आज काय काय होणार. आणि लेक? तिला मी दिवसभर शोधत असे. चुऱ्याचे पोहे पोरांचे, असा तिथला नियमच होता. चाळणीखाली जे पडेल ते एका सुपात जायचं आणि सुपाभोवती सगळी पोरं बसायची. माझी लेकही बसू लागली. मग दुसऱ्यांच्या घरी जेवून येऊ लागली. कुणाकडे नाचणीची भाकर, कुणाकडे सुक्या मासळीचं कालवण. आमच्याकडे मासळी चालत नसे, पण मी ते कानाआड केलं. एके दुपारी ती धावत आली आणि म्हणाली, "आये, मना पानी दे." आई नाही, आये. पाणी नाही, पानी. हे म्हणाले, "बोली बघ हिची, आई काय म्हणेल?" मी लेकीला उचलून असं घट्ट धरलं की ती ओरडायला लागली. ती बोलत होती. कुठली बोली बोलते याची मला पर्वा नव्हती.

तेव्हापासून माझ्या मनात एकच धास्ती राहिली, परत जावं लागलं तर?

भादवा सरला, गिरगावातल्या एका वाण्याने दिवाळीसाठी नव्या भाताचे पोहे मागितले. नव्याचेच हवेत, पांढरेशुभ्र, आणि ठरल्या दिवशी मालधक्क्यावर. ह्यांना रात्रभर झोप नाही. आश्विनातल्या पौर्णिमेला आम्ही रीतसर नवान्न केलं. दाराला नव्या लोंब्यांचं तोरण बांधलं, नव्या तांदळाची खीर करून देवापुढे ठेवली, प्रसाद घेतला. कल्याणात जसं करत आलो तसंच. गावात अजून कापणी चालू होती, म्हणून ह्यांनी कल्याणच्या बाजारातून लवकर पिकणारं हळवं भात गाडीभर आणलं. संध्याकाळी हंडे, घंगाळी, शेजाऱ्यांच्या कायली, जे मिळेल त्यात ते भिजत घातलं. बायकांना निरोप दिला, उद्या सकाळी लवकर या, चुली पेटलेल्या असतील.

सकाळी चुली पेटल्या. रेती तापली. हे अंगणात हात मागे बांधून फेऱ्या घालू लागले. कोणी आलं नाही.

ऊन अंगणाच्या मध्यावर आलं तरी कोणी आलं नाही. एक पोरसुद्धा फिरकलं नाही. भिजलेलं भात माणसासाठी थांबत नाही. ते दिवसभर पाण्यात राहिलं तर आंबतं, मोड धरतं, मग त्याचे पोहे कोंबड्याही खाणार नाहीत. दुसरं भात आणायला बाजारात जावं, पुन्हा भिजवावं, तोवर ठरलेला दिवस टळणार. ह्यांचा चेहरा उतरला. मी घंगाळ्यांतलं पाणी उपसलं, भात टोपल्यांत निथळत ठेवलं, ओली फडकी वर घातली, म्हणजे निदान संध्याकाळपर्यंत धरेल. आणि तशीच, हात ओले, तरातरा म्हातारीच्या घरी गेले.

म्हातारी ओट्यावर विळा घासत बसली होती. मी बोलायच्या आत म्हणाली, "येवा शेटीनबाय, बसा."

"बसायला आले नाही. भात भिजलंय आणि तुम्ही इथे बसलात?"

"मंग काय करू? नवं भात हाय ना ते? देवीनं नवं खाल्लं नाय अजून. तिच्या आधी आमी मुसल कसं लावू?"

गावदेवीचं मला माहीत होतं. शिवेवर सावरीच्या झाडाखाली शेंदूर लावलेली शिळा. पण तिचं नवान्न वेगळं असतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "अहो पण पौर्णिमा होऊन गेली. आम्ही नवान्न केलं. पंचांगात दिलंय तसं केलं."

"तुमच्या पंचांगात आसंल," म्हातारी शांतपणे म्हणाली. "आमची देवी पंचांग वाचत नाय."

मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. "मग कधी जेवणार तुमची देवी?"

तेव्हा तिने विळा बाजूला ठेवला आणि मला समजावून सांगितलं. देवीला नवं जातं ते गावातल्या प्रत्येक चुलीची एकेक मूठ मिळून. ज्याने त्याने हाताने कापलेली लोंबीची मूठ. सगळ्या चुलींची आली की देवी जेवते, मग पोरं जेवतात, मग गाव. एकाही चुलीची राहिली असली तर ती नैवेद्याला शिवत नाही. कोणाच्या घरी नवं आलं नसताना आपण कसं खायचं, असं तिचं असतं. म्हातारी हे अशा सुरात सांगत होती की देवी म्हणजे पलीकडच्या आळीतली एक हट्टी नणंद असावी.

"मग कोणाची राहिलीय?"

राहिली होती खालच्या अंगाला, नदीच्या वळणावर राहणाऱ्या एकीची. नवरा हिवतापाने अंथरुणाला खिळलेला, पदरात दोन लहानगी, आणि शेत सखल, पाणथळ, सगळ्यांत उशिरा पिकणारं. आता पिकलं होतं, पण कापायला हात नव्हते. गाव तिचं कापणारच होतं, पण ज्याचं त्याचं आवरल्यावर, चार-पाच दिवसांनी. तोवर देवी थांबली असती, गाव थांबलं असतं. तिने कोणाला बोलावलंही नव्हतं; ती बोलावणारी नव्हती.

मी तिथेच उभी राहिले. माझ्या डोळ्यांपुढे टोपल्यांतलं भात होतं, थोरल्या दिरांचा शांत चेहरा होता, आणि कल्याणच्या घराच्या कोपऱ्यात गप्प बसलेली माझी लेक होती. मग मी म्हटलं, "आज कापलं तर?"

म्हातारीने माझ्याकडे नीट बघितलं. "आज?"

"आज. आत्ता. दुपार कलेपर्यंत होईल की नाही? मी येते, हे येतात."

"शेट कापाया हातात इला धरतील?" एवढं बोलून ती जी हसायला लागली ती खोकला लागेपर्यंत थांबेना. मग तोंड पुसलं, ओट्याच्या कडेला उभी राहिली आणि त्या नदीपलीकडे जाणाऱ्या आवाजात तिने आळीला हाक दिली.

पुढचं सगळं इतक्या झपाट्याने झालं की आजही आठवताना मला धाप लागते. एका घरातून दुसऱ्या घरात, खळ्यावरून शेतात निरोप गेला. पाटील स्वतः विळा घेऊन बाहेर पडले. आपलं अर्धं कापलेलं शेत तसंच टाकून माणसं निघाली. कोणी कुरकुरलं नाही असं मी म्हणणार नाही; एक म्हातारा वाटभर पुटपुटत होता, पण पुटपुटत का होईना, येत होता. पोरं तर लग्नाची वरात असावी तशी पुढे पळत होती. आणि मधोमध आमचे हे, मालधक्क्यावरचे माजी कारकून, धोतराचा काचा मारून, डोक्याला पागोटं तसंच, हातात कोणाचा तरी विळा उलटा धरून.

त्या बाईने आम्हाला येताना पाहिलं आणि ती दारातच खाली बसली. म्हातारी तिच्यावर डाफरली, "बसतेस काय? पानी भरून ठेव, मानसा येतायत."

चिखलात पोटऱ्यांपर्यंत पाय रुतले. मला शेजारणीने दाखवलं, डाव्या हाताने भाताच्या काड्यांची चूड कशी धरायची, विळा अंगाकडे कसा ओढायचा. पहिल्याच ओढीला मी बोट कापून घेतलं. ते तोंडात घालून मी पुन्हा वाकले. ह्यांची गत याहून वाईट. त्यांनी कापलेल्या ओळीला पाटील "उंदरांनी खाल्लेली" म्हणाले आणि सगळं शेत हसलं, हेही हसले. कंबर मोडत होती, मानेवर ऊन होतं, आणि मला मात्र गावंसं वाटत होतं. समोरचं पिवळं शेत बघता बघता मागे सरत होतं. खाटेवरच्या त्या आजारी माणसाला पोरांनी ओटीवर आणून बसवलं होतं. तो घोंगडी पांघरून, डोळे मोठे करून, आपलं शेत कापलं जाताना बघत होता.

शेवटची चूड त्या बाईने स्वतः कापली. तीतली मूठभर लोंबी तिने पदरात घेतली आणि आम्ही सगळे तसेच, चिखलाच्या पायांनी, त्या आजारी माणसालाही पाठुंगळीला घेऊन शिवेकडे निघालो. माझ्या डोक्यात आता फक्त टोपल्या होत्या. दुपार कलू लागली होती. नैवेद्य पटकन झाला, तर दिवेलागणीपर्यंत बरंच कांडून होईल. मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही पुढे जाऊन चुली पेटवा." पण पाटील म्हणाले, "शेटना ऱ्हाऊ द्या हितंच." हे राहिले.

सावरीखाली एकेका घरातून एकेक जण पुढे होई, मूठ ठेवी, हात जोडी, मागे सरे. ढीग वाढत गेला. नदीकडच्या त्या बाईने आपली मूठ ठेवली. मी मनात म्हटलं, झालं, सुटलो.

पण पुजारी, तो गावातलाच एक वयस्क माणूस, दिवा लावायचा सोडून शिळेशेजारी मांडी घालून बसला. कोणी हालेना. पोरं ढिगाकडे बघत होती, मोठी माणसं जमिनीकडे. मला काही कळेना. थोडा वेळ दम धरला. मग तो माझ्याच्याने धरवेना. मी म्हातारीला कोपराने ढोसून विचारलं, "आता कोणाची वाट बघायची?"

"एक चूल राहिलीय," म्हातारी म्हणाली.

माझं डोकं फिरलं. सकाळपासून उपाशी, बोट ठणकतंय, भात आंबतंय, आणि आता आणखी एक. मी चांगल्या मोठ्याने म्हटलं, "एवढं गाव उन्हात उभं आहे, तापकरी माणूस घोंगडी घेऊन आलाय, आणि ही कोण महाराणी घरात बसून राहिलीय? बोलवा तिला."

सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. पुजारीही मिशीत हसला. म्हातारीने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"महारानी तूच," ती म्हणाली. "मूठ टाक की."

आजवर ती मला तुमी म्हणत होती.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे शिळेकडे बघत डोक्यावरचं पागोटं उतरवत होते. माझे हात रिकामे होते. आमचं शेत नव्हतं, आम्ही कापायचं काय आणि मूठ आणायची कुठून? मी तसं म्हणायला तोंड उघडलं, तोच नदीकडची ती बाई पुढे आली. तिने पदराच्या गाठीतून लोंब्या काढल्या. "ही तुमी कापलेली," ती म्हणाली. "मी येगली ठेवलेली." एका काडीवर माझ्या बोटाचं रक्त वाळलेलं होतं.

मी ती मूठ ढिगावर ठेवली. हात जोडायचं राहूनच गेलं. मी ढसढसा रडायला लागले. लेक कुठूनशी येऊन माझ्या गुडघ्याला बिलगली आणि मोठ्या माणसासारखं म्हणाली, "रडू नको, आता खाया देतील." आणि दिलंच. दिवा लागला, नारळ फुटला, पहिला घास पोरांना मिळाला, आणि देवीचा नैवेद्य झाल्या झाल्या बायका सावरीखाली रेंगाळल्यासुद्धा नाहीत. झोळ्या खांद्यावर टाकून सरळ आमच्या अंगणाकडे निघाल्या, आणि म्हातारी वाटेतच ओरडून कोण कोणत्या उखळावर हे सांगू लागली.

एका टोपलीतलं भात आंबलं होतं, ते फेकलं. बाकीचं कांडून झालं. त्या संध्याकाळी आणि त्या रात्री आमच्या अंगणात जेवढी मुसळं पडली तेवढी नंतर कुठल्याही दिवाळीला पडली नाहीत. पाटलांनी आपली बैलजोडी दिली, आणि पोती ठरल्या दिवशी कल्याणच्या धक्क्यावर चढली. हे गाडीबरोबर गेले आणि तिसऱ्या प्रहरी उड्या मारत परत आले.

"सुटलो," ओटीवर टेकत ते म्हणाले. "आता दादा एक शब्द बोलणार नाहीत. बिऱ्हाड हलवायला नको."

मी लेकीचे केस विंचरत होते. मी म्हटलं, "पोती गेली नसती तरी मी हलणार नव्हते."

"म्हणजे? दादांना काय सांगणार होतीस?"

"हेच," मी म्हटलं, "की इथे माझ्यावाचून देवी जेवत नाही."